ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर व धर्मादायाचा हिशेब

जॉर्ज म्युलर हें नांव आपल्या मंडळ्यांत बहुतेकांनीं ऐकिलें आहे. ब्रिस्टल शहरीं हजारों अनाथांचा सांभाळ करणारा व कोणाहि मनुष्यापुढें हात न पसरणारा प्रार्थनाशील पुरुष, अशी त्यांची ओळख उपदेशांतून वारंवार करून देण्यांत येते. ती ओळख खरी आहे, परंतु अपुरी आहे. म्युलरसाहेब प्रार्थनेंत जितके तत्पर होते तितकेच हिशेबांतहि तत्पर होते. लोकांनीं देवाच्या नांवानें दिलेला पैसा सुमारें चौसष्ट वर्षें त्यांच्या हातून खर्च झाला, आणि त्याचा जमाखर्च ते छापून लोकांपुढें ठेवीत गेले. ज्या मंडळींत दानपेटी आहे, ज्या गांवीं मंदिराच्या छपरासाठीं वर्गणी जमते, तेथील पंचांस व उपदेशकांस त्यांच्या चरित्राचा हा भाग विशेष उपयोगी पडेल असें वाटतें.

जॉर्ज याचा जन्म प्रशिया देशांतील क्रॉपेनस्टेट गांवीं २७ सप्टेंबर १८०५ रोजीं झाला. बाप सरकारी कर वसूल करणारा अंमलदार होता. मुलांना पैसा जवळ बाळगण्याची व तो न उधळण्याची संवय लागावी म्हणून बाप त्यांच्या हातीं वयाच्या मानानें पुष्कळ पैसे देई व अधूनमधून त्यांचा हिशेब पाही. या शिक्षणाचें फळ उलटच आलें. जॉर्ज पैसे उडवी आणि बापापुढें खोटा हिशेब मांडी. कित्येक रकमा तो लिहीतच नसे. पुढें त्याची मजल बापाच्या ताब्यांतील सरकारी पैशांपर्यंत गेली. दहा वर्षांचा होण्यापूर्वींच त्यानें तो पैसा अनेक वेळां चोरला. बापाला संशय आला, तेव्हां त्यानें कांहीं रक्कम मोजून खोलींत ठेविली व मुलाला तेथें थोडा वेळ एकट्यालाच राहूं दिलें. परत येऊन मोजतां रक्कम कमी भरली. झडती घेतली, तेव्हां नाणीं जोड्यांत पायाखालीं दडविलेलीं सांपडलीं. शिक्षा झाली, पण सुधारणा झाली नाहीं.

चौदाव्या वर्षीं त्याची आई मरण पावली. त्या रात्रीं तो पत्ते खेळत बसला होता. दृढीकरणाच्या वेळीं पाळकाला देण्यासाठीं बापानें जी रक्कम दिली, तिचा बारावा हिस्सा तेवढा त्यानें पाळकाच्या हातीं ठेविला व बाकीची आपल्या खिशांत घातली. सोळाव्या वर्षीं खाणावळींत राहून पैसे न देतां निसटून जाण्याच्या पायीं त्याला वोल्फेनब्युटल येथें तुरुंगांत पडावें लागलें. तीन आठवड्यांहून अधिक दिवस गेल्यावर बापानें देणें भागविलें व त्याला सोडवून आणिलें.

इ. स. १८२५ मध्यें हा तरुण हाले येथील विद्यापीठांत धर्मशिक्षण घेण्यासाठीं गेला. पाळक होऊन चांगल्या वेतनाची जागा मिळवावी, एवढाच बापाचा व त्याचा हेतु होता. त्याच उन्हाळ्यांत कित्येक सोबत्यांस घेऊन त्यानें स्वित्झर्लंडचा त्रेचाळीस दिवसांचा प्रवास केला. सर्वांच्या पैशाची एकच थैली होती व ती जॉर्जच्या हातीं होती. खर्चाची मांडणी त्यानें अशा युक्तीनें केली कीं, सोबत्यांना जितका खर्च पडला त्याच्या दोनतृतीयांशांतच त्याचा स्वतःचा प्रवास झाला. पुढें आपलें चरित्र लिहितांना त्यांनीं ही गोष्ट लपविली नाहीं. सामाईक थैली बाळगून चोरी करणाऱ्या इस्कर्योती यहूदाशीं त्यांनीं आपली तुलना केली आहे. वाचकांनीं ही थैली ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व चरित्र एका दृष्टीनें या थैलीचेंच आहे.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत एका मित्राबरोबर तो वाग्नर नांवाच्या गृहस्थाच्या घरीं प्रार्थनासभेला गेला. तेथें एक मनुष्य गुडघे टेकून प्रार्थना करीत असलेला त्यानें पाहिला, आणि त्या साध्या दृश्यानें त्याचें अंतःकरण पालटलें. जॉर्ज नवा मनुष्य झाला. बापाला हा पालट रुचला नाहीं. तेव्हां यापुढें बापाचा पैसा घेणें योग्य नाहीं असें ठरवून त्यानें तो घेण्याचें थांबविलें. दुसऱ्याचा पैसा कोणत्या हक्कानें आपल्या हातीं येतो, हा विचार त्याच्या मनांत येथून सुरू झाला.

इ. स. १८२९ मध्यें म्युलरसाहेब इंग्लंडांत आले व थोड्याच काळानें टिनमथ येथील लहानशा मंडळीचे पाळक झाले. १८३० सालीं त्यांनीं मेरी ग्रोव्ह्ज या बाईंशीं विवाह केला. या बाई, बगदाद व नंतर हिंदुस्थानांत सुवार्तेचें काम करणारे अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज यांच्या भगिनी होत. त्या काळीं मंदिरांतील बैठका भाड्यानें देत व त्या भाड्यांतून पाळकाचें वेतन निघे. श्रीमंतास पुढची बैठक व गरिबास मागची, हें म्युलरसाहेबांस पटेना. शिवाय ठरलेल्या तारखेला नाइलाजानें दिलेला पैसा आनंदाचें दान होत नाहीं असेंहि त्यांस वाटलें. त्यांनीं बैठकांचें भाडें बंद करविलें, ठराविक वेतन सोडिलें व मंदिरांत एक पेटी ठेविली. ज्याला जें द्यावेंसें वाटेल तें त्यानें तींत टाकावें. स्वतःच्या निर्वाहासाठीं वर्षभरांत काय मिळालें याचा आंकडाहि पुढें ते छापून प्रसिद्ध करूं लागले.

इ. स. १८३२ मध्यें ते आपले स्नेही हेन्री क्रेक यांच्यासह ब्रिस्टल येथें गेले, व ५ मार्च १८३४ रोजीं शाळा, पवित्र शास्त्राचा प्रसार व मिशनरी लोकांस साहाय्य यांसाठीं त्यांनीं एक संस्था स्थापिली. इंग्लंडांत अशा संस्था पूर्वींपासून होत्या. मग नवी कशाला, असा प्रश्न साहजिक होता. त्याचें उत्तर संस्थांच्या कारभारांत होतें. त्या काळच्या पुष्कळ धर्मादाय संस्थांत जो वर्गणी देईल तो सभासद होई व त्याला मत मिळे, मग त्याची वर्तणूक कशीहि असो. अध्यक्षपदीं व समितीवर बहुधा धनवान व पदवीधारी मनुष्य नेमीत, कारण त्याच्या नांवानें पैसा जमतो. आणि खर्च आधीं करून कर्ज झालें कीं तें फेडण्यासाठीं लोकांना हांक मारावयाची, ही तर सर्वसाधारण रीतच होऊन बसली होती. म्युलर व क्रेक यांनीं आपल्या संस्थेसाठीं याच्या उलट नियम केले. मोठ्या लोकांचा आश्रय शोधावयाचा नाहीं. अविश्वासी मनुष्याला कारभारांत घ्यावयाचें नाहीं व त्याच्याकडे पैसा मागावयाचा नाहीं. कर्ज कधींहि काढावयाचें नाहीं. आणि यश किती मिळालें हें जमलेल्या पैशावरून मोजावयाचें नाहीं.

अनाथांचें काम यानंतर दोन वर्षांनीं सुरू झालें. हाले येथें फ्रँके या सत्पुरुषानें शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं मोठें अनाथालय स्थापिलें होतें व विद्यार्थी असतांना म्युलरसाहेब कांहीं काळ त्याच्या आवारांत राहिले होते. तें उदाहरण त्यांच्या मनांत होतें. ११ एप्रिल १८३६ रोजीं विल्सन स्ट्रीट या रस्त्यावरील भाड्याच्या घरांत त्यांनीं अनाथ मुलींचें पहिलें घर उघडिलें. कांहीं वर्षांतच त्याच रस्त्यावर अशीं चार घरें झालीं.

आतां हिशेबाची पद्धति पाहूं. दान देणाऱ्याचें नांव म्युलरसाहेब छापीत नसत, कारण नांवासाठीं दान देण्याची संवय त्यांस घातक वाटे. परंतु नांव न छापल्यास आपला पैसा पोहोंचला कीं नाहीं हें दात्याला कळावें कसें? यासाठीं दात्यांस क्रमांकाची पावती देण्याची रीत त्यांनीं घातली. वार्षिक अहवालांत त्या क्रमांकापुढें रक्कम छापलेली असे. दात्यानें आपली पावती काढावी, अहवाल उघडावा व ताडून पाहावें. अर्धा पेनी देणाऱ्या मुलाचें दान व शेंकडों पौंड देणाऱ्या व्यापाऱ्याचें दान एकाच रांगेंत येई. अंगठ्या, सांखळ्या, जुनीं भांडीं असें जें येई तें विकून आलेली रक्कमहि लिहिली जाई. ज्या कामासाठीं पैसा दिला असेल त्याच कामीं तो लावीत. इमारतीसाठीं आलेला पैसा, घरांत दुसऱ्या दिवसाच्या भाकरीची चिंता असली तरी, भाकरीकडे वळविला जात नसे. भाडें देण्याचा दिवस आला व पैसा नाहीं अशी वेळ एकदां आली, तेव्हांपासून भाड्याची रक्कम दर आठवड्याला बाजूला काढून ठेवण्याचा नियम त्यांनीं केला.

दान कोणाकडून घ्यावें याविषयींहि ते फार जपत. एक अशक्त प्रकृतीची शिवणकाम करणारी बाई होती. तिची मिळकत आठवड्याला सरासरी साडेतीन शिलिंगांहून अधिक नव्हती. तिनें एकदम शंभर पौंड देऊं केले. दुसऱ्या कोणी आनंदानें पावती फाडून दिली असती. म्युलरसाहेबांनीं आधीं तिची भेट घेतली, कारण हें दान क्षणिक उमाळ्यानें दिलेलें असेल व पुढें तिला पश्चात्ताप होईल, अशी त्यांस भीति होती. चौकशींत कळलें कीं तिला वारशानें सुमारें ४८० पौंड मिळाले होते. बापाच्या सावकारांना भावंडांनीं पौंडामागें पांच शिलिंग देऊन मोकळें केलें होतें. हिनें कोणाला न सांगतां बाकीचे पंधरा शिलिंगहि भरून दिले. नंतर तिनें आईला शंभर पौंड दिले, व मग अनाथांची आठवण केली. तिनें सर्व विचार करूनच हें ठरविलें आहे, अशी खात्री झाल्यावरच त्यांनीं रक्कम स्वीकारली. आधीं देणें फेडावें, मग दान द्यावें, हा क्रम त्या गरीब बाईला कोणी शिकविला नव्हता; तो तिच्या विवेकानेंच तिला शिकविला होता.

परंतु हिशेब प्रसिद्ध करणें व पैसा मागणें यांतील सीमा फार बारीक आहे. म्युलरसाहेबांचे टीकाकार म्हणत असत कीं, हा मनुष्य तोंडानें मागत नाहीं, पण याचा अहवालच याच्यासाठीं मागतो. या आक्षेपांत मुळींच तथ्य नाहीं असें म्हणतां येत नाहीं. आपली गरज कशी भागली याचें हृदयस्पर्शी वर्णन वाचून पुष्कळांनीं पैसे पाठविले, हें खरेंच आहे. याची कसोटी १८४१ च्या अखेरीस लागली. वार्षिक सभेची व अहवालाची वेळ आली, आणि त्याच वेळीं पेटी रिकामी होती. तेव्हां सभा भरविली असती तर लोकांनीं स्थिति पाहून पैसे दिले असते. परंतु हिशेबाच्या निमित्तानें हात पसरल्यासारखें होईल म्हणून त्यांनीं सभा व अहवाल दोन्ही लांबणीवर टाकलीं. पुढील कित्येक महिने फार कठीण गेले. कधीं कधीं एका जेवणानंतर दुसऱ्या जेवणापुरतेंहि शिल्लक नसे. घरांत काम करणाऱ्या सेवकांना खरी स्थिति सांगितलेली असे, कारण ओझें तेहि वाहत होते. बाहेरच्यांना मात्र सांगत नसत. अखेर अहवाल निघाला तेव्हां त्यांत एक वर्षाऐवजीं सतरा महिन्यांचा जमाखर्च होता. हिशेब उशिरां आला, पण पुरा आला. वगळला कांहींच गेला नाहीं.

ऑक्टोबर १८४५ मध्यें विल्सन स्ट्रीटवरील एका रहिवाशाचें सभ्य भाषेंतील पत्र आलें. मुलांच्या खेळाचा आवाज व पाण्याची आणि गटारांची अडचण यांमुळें शेजाऱ्यांस त्रास होतो, अशी तक्रार त्यांत होती. आपण परोपकार करीत आहोंत, तेव्हां शेजाऱ्यांनीं सोसावें, असें पुष्कळ परोपकारी लोक म्हणतात. म्युलरसाहेबांनीं तक्रार वाजवी मानिली व शहराबाहेर जाण्याचा निश्चय केला. ॲशली डाउन येथें सुमारें सात एकर जमीन त्यांनीं १८४६ सालीं घेतली. मालक एकरीं २०० पौंड मागत होता, त्यानें ती १२० पौंडांनीं दिली. पैसा हातीं येईपर्यंत पायाला हात घातला नाहीं. काम जुलै १८४७ मध्यें सुरू झालें. पहिलें घर १८४९ सालीं उघडलें व त्यांत ३०० मुलांची सोय झाली. पांचवें घर १८७० सालीं उघडलें, तेव्हां एकंदर २,०५० मुलांसाठीं जागा झाली होती. या मालमत्तेचे कागद त्यांनीं स्वतःच्या नांवावर ठेविले नाहींत, ते विश्वस्तांच्या स्वाधीन केले. मुलांना घेण्याची रीतहि उघड होती. इंग्लंडांतील कित्येक अनाथालयांत वर्गणीदारांचीं मतें मिळविल्यावांचून मुलाला प्रवेश मिळत नसे, व विधवा नातेवाईक मतांसाठीं दारोदार फिरत. येथें आईबाप दोन्ही वारलेल्या निराधार मुलांचे अर्ज ज्या क्रमानें येत त्या क्रमानें त्यांना घेतलें जाई. शिफारस लागत नसे. कोणीहि यावें व घरें पाहावीं, यासाठीं दिवस ठरविलेले होते. नोव्हेंबर १८५७ मध्यें चार्ल्स डिकन्स यांच्या संपादकत्वाखालीं निघणाऱ्या एका प्रख्यात साप्ताहिकानेंहि या कामाविषयीं लेख छापिला.

१८५६ सालीं एका दात्यानें शंभर पौंड पाठवून, हे म्युलर यांच्या वार्धक्याच्या व कुटुंबाच्या तरतुदीचा मूळ निधि म्हणून ठेवावे असें सुचविलें. त्यांनीं तें नम्रपणें नाकारिलें. दात्यानें मग तेच पैसे अनाथांसाठीं वापरण्यास संमति दिली, व त्यांत आणखी दोनशें पौंडांची भर घातली. म्युलरसाहेबांच्या मरणापर्यंत संस्थेच्या सर्व कामांसाठीं सुमारें पंधरा लाख पौंड त्यांच्या हातून गेले. त्यांचें स्वतःचें दानहि त्या अहवालांत नांवावांचूनच छापलें जाई. सर्व मिळून तें ८१,००० पौंडांहून अधिक होतें, हें लोकांना पुढें कळलें. १० मार्च १८९८ रोजीं ते वारले. त्यांच्या सर्व मालमत्तेची किंमत पुस्तकें व सामान धरून १७० पौंडहि भरली नाहीं. खोट्या हिशेबानें ज्याचें बालपण सुरू झालें, त्याचा शेवटचा हिशेब असा निघाला.

आपल्यामागें काम कोण चालवील, ही गोष्टहि त्यांनीं शेवटच्या घटकेवर सोडिली नाहीं. जेम्स राइट या विश्वासू सहकाऱ्याला, जे पुढें त्यांचे जांवई झाले, त्यांनीं पुष्कळ वर्षें आधींच निवडून तयार केलें. १८७५ पासून १८९२ पर्यंत म्युलरसाहेब बेचाळीस देशांत उपदेश करीत फिरले, तेव्हां ब्रिस्टलचा कारभार राइट पाहत होते. या प्रवासांत ते हिंदुस्थानांतहि आले होते. १८९० सालीं आपली एकुलती मुलगी लिडिया वारल्याची बातमी त्यांना जबलपूर येथें कळली. त्यांच्या मागून काम बंद पडलें नाहीं. मोठ्या इमारती १८४९ ते १८७० या काळांत उघडलेल्या. १९५८ सालीं संस्थेनें त्या विकल्या, व मुलांना लहान लहान घरांत ठेवण्याची नवी रीत पत्करली.

आपल्या प्रांतांशींहि या चरित्राचा खरा संबंध आहे. पंडिता रमाबाई यांनीं म्युलर यांचें चरित्र वाचिलें, आणि असें काम आपल्या देशांतहि देवावर भरंवसा ठेवून होईल काय, हा प्रश्न त्यांच्या मनांत आला. केडगांव येथील मुक्तिसदन पाहणाऱ्यांस त्याचें उत्तर मिळालें.

येथें एक विचार करणें अवश्य आहे. म्युलरसाहेबांनीं संस्था स्थापिली तेव्हां इंग्लंडांत धर्मादायावर देखरेख करणारें कायमचें सरकारी मंडळ नव्हतें. धर्मादाय आयुक्तांचें मंडळ १८५३ च्या कायद्यानें आलें. त्यांचा कारभार शुद्ध राहिला तो बहुतांशीं त्यांच्या विवेकामुळें. परंतु सर्वांचाच विवेक असा जागा नसतो, आणि पहिला चालक गेल्यावर दुसरा तसाच मिळेल याची हमी नसते. म्हणून कायदा लागतो. आपल्याकडे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. त्याप्रमाणें न्यासाची नोंदणी करावी, हिशेब ठेवावे व ते तपासून घ्यावे लागतात. कित्येक मंडळ्यांस हा जाच वाटतो. आपण देवाचें काम करतों, मग सरकारी कचेरींत वह्या कशाला दाखवाव्या, असें बोललें जातें. म्युलर यांना कोणी वह्या मागितल्या नसतांहि त्यांनीं त्या दाखविल्या. मागितल्यावरहि दाखविण्यास जो कुरकुरतो, त्यानें आपल्या मनाशीं विचार करावा. प्रेषित पौलानेंहि यरुशलेमेच्या गरिबांसाठीं जमविलेली वर्गणी एकट्यानें नेली नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेले बंधु बरोबर घेतले, म्हणजे कोणाला दोष ठेवण्यास जागा राहूं नये. पौलाला जें आवश्यक वाटलें तें आपल्याला अनावश्यक कसें वाटावें?

आपल्या गांवच्या मंडळींत रक्कम लहान असते. कोणी चार आणे टाकिले असतील, कोणी सुगीचें धान्य दिलें असेल, कोणी विधवेनें कोंबडी आणिली असेल. रक्कम लहान म्हणून हिशेब लहान होत नाहीं. पेटी दोघांनीं मिळून उघडावी, तेथेंच मोजावी, तेथेंच लिहावी. ज्या कामासाठीं दिलें त्याच कामीं लावावें, व दुसरीकडे वळवावयाचें तर मंडळीला विचारावें. पावती द्यावी. वर्षाच्या शेवटीं जमाखर्च मंदिरांत मोठ्यानें वाचावा, व कोणी प्रश्न केला तर त्याला शत्रु समजूं नये. तोट्याचें वर्ष असलें तरी वाचावा, कारण तेव्हांच त्याची अधिक गरज असते. जॉर्ज म्युलर यांच्या हातीं एके काळीं सोबत्यांची थैली होती व त्यांनीं ती लुबाडली. देवानें त्यांना क्षमा केली व हजारों अनाथांची थैली त्याच हातांत दिली. तसा भरंवसा आज आपल्यावरहि ठेविलेला आहे. ज्या कोणाच्या हातीं मंडळीची पेटी आहे, त्यानें पुढील रविवारीं ती उघडण्यापूर्वीं हें चरित्र एकदां मनांत आणावें.